पन्ह्याचे गोत्र

माझ्या हातून घडलेल्या एका लेखनदोषाची कबुली देऊन सुरुवात करतो. १९९८ साली, मी ज्या शाळेत इतिहास शिकवीत होतो तिची स्मरणिका निघाली. एम. ए. होऊन मला चारच वर्षे झाली होती. सीमाभागातल्या मराठी तरुणाच्या अंगी जेवढी खुमखुमी असते तेवढी माझ्याही अंगी होती. स्मरणिकेत मी 'आपले सण, आपली ओळख' अशा थाटाचा एक लेख लिहिला आणि त्यात एक सिद्धान्त ठोकून दिला : पन्हे हे अस्सल मराठी पेय असून ज्या गावी चैत्रगौरीला पन्हे होते ते गाव मराठी समजावे, शेजारच्या कन्नड घरांत रामनवमीला जे 'पानक' करतात ते आपल्या पन्ह्याचेच अनुकरण होय. पुरावा काय, असे कोणी विचारले नाही. अशा लेखांना पुरावा कोणी मागत नाही, हीच त्यातली मेख असते.

आमच्या शाळेत कन्नड शिकवणारे एक ज्येष्ठ शिक्षक होते. मराठी माझ्याइतकेच चांगले बोलत. त्यांनी लेख वाचला, पण चकार शब्द काढला नाही. पुढच्या रामनवमीला मात्र मला घरी बोलावले. वहिनींनी पितळी पेल्यात पानक दिले, द्रोणात भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी दिली. पानकात कैरी नव्हतीच. गूळ, लिंबू, सुंठ, मिरी, वेलदोडा, आणि शेवटी जिभेच्या मागे गार वारा सुटावा तशी एक चव. मी विचारले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पच्चकर्पूर. खायचा कापूर. गव्हाच्या दाण्याएवढा बस्स होतो." निघताना सर मला दारापर्यंत पोचवायला आले आणि अगदी सहज म्हणाले, "सर, एक शंका होती. तुम्ही इतिहासाचे, म्हणून विचारतो. आमची कोसंबरी तुमच्या कोशिंबिरीवरनं आली, का तुमची कोशिंबीर आमच्या कोसंबरीवरनं?"

मी हसलो खरा, पण घरी येईपर्यंत हसू पार मावळले होते. गौरीच्या हळदीकुंकवाला आपण काय देतो? पन्हे आणि आंब्याची डाळ. त्यांच्याकडे काय? पानक आणि डाळीची कोसंबरी. एक पेय आणि एक भिजवलेली डाळ, ही जोडीची जोडी दोन्ही घरांत होती, आणि मी तिच्यातला एकच पेला उचलून त्यावर आपले नाव कोरून मोकळा झालो होतो. त्या दिवसापासून पन्ह्याच्या मागे लागलो. त्याला आता पंचवीस वर्षे उलटून गेली.

आमचा बीदर जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. त्यावरून जे घडले, जे दावे झाले, तेही सांगायला नको. पण एक गोष्ट बाहेरच्या माणसाला उमजत नाही, ती अशी की, आमच्या घरांत भाषा अशा खोल्याखोल्यांत वाटलेल्या नव्हत्या. माझे वडील निजामी अमलात उर्दूत शिकले. हिशेब उर्दूत करीत, पोथी मराठीत वाचीत आणि आठवडी बाजारात कन्नड बोलत. त्यांच्या लेखी थंड आणि गोड ते सगळे 'शरबत'. आजी मात्र त्यांना दर वेळी टोकायची, "शरबत बाजारात मिळतं. हे पन्हं हाय."

आजीच्या पन्ह्याची एक खूण होती. चैत्रात वळवाचा वारा सुटला की झाडाखाली पडलेल्या कैऱ्या आम्ही पोरे गोळा करून आणत असू. त्या ती चुलीच्या राखेत भाजायची, उकडायची नाही. आणि पन्ह्यात घालायचे पाणी वेगळ्या माठात असे. संध्याकाळी मोगऱ्याच्या उमलत्या कळ्या मलमलीच्या फडक्यात सैल बांधायच्या, ती पुरचुंडी माठाच्या तोंडाला आतून लोंबकळत ठेवायची आणि वर झाकण. फुले पाण्याला शिवता कामा नयेत. एकदा मी हौसेने मूठभर कळ्या माठातच टाकल्या, तर म्हणाली, "बुडवू नको रे लेकरा. फूल बुडालं की पाणी कडू होतं. त्याचा नुसता वास घ्यायचा." सकाळी पुरचुंडी काढून टाकायची. उन्हातून आलेल्या पाहुण्याने त्या पाण्यातले पन्हे ओठाला लावले की आधी मोगरा, मग धुराचा बारीकसा वास आणि मग कैरी, अशी एकामागून एक वर्दी येत असे.

मी ग्रंथ धुंडाळू लागलो तेव्हा मनात अशी आशा होती की, कुठेतरी पन्ह्याचा जुना मराठी उल्लेख सापडेल आणि माझा सिद्धान्त थोडाफार वाचेल. सापडले ते निराळेच.

पाली विनयपिटकाच्या महावग्गात एक कथा आहे. केणिय नावाचा जटाधारी तपस्वी बुद्धाला भेटायला निघाला. भेट काय न्यावी? त्याने विचार केला की, पूर्वीचे ऋषी रात्री अन्न घेत नसत, पण पेये घेत. म्हणून त्याने भरपूर पेये करवून नेली. भिक्षूंना मध्यान्हानंतर अन्न वर्ज्य; मग हे चालेल का, असा प्रश्न उभा राहिला. बुद्धाने आठ प्रकारच्या पानांना अनुज्ञा दिली. आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष, फालसा, कमळाचा कंद असे ते प्रकार आहेत. पुढे नियम आणखी रुंद केला : धान्याचा सोडून सर्व फळांचा रस चालेल, आणि मोहाच्या फुलाचा सोडून सर्व फुलांचा रस चालेल. धान्य का वगळले आणि मोह का वगळला, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून द्यायला भाष्यकार नको. दोन्हींची दारू होते. फळाफुलांचे पेय आणि मद्य यांच्यामधली रेघ इतक्या नेमकेपणाने इतक्या जुन्या काळी आखलेली पाहून मी थक्क झालो. ही पाने दुसऱ्या दिवशीच्या अरुणोदयापर्यंतच चालत, पुढे नाही. नियम संघाच्या शिस्तीचा आहे. पण ज्याने उन्हाळ्यात रात्रभर पन्हे बाहेर ठेवून सकाळी फेस आलेला पाहिला आहे, त्याला त्यातले व्यवहारज्ञानही दिसल्यावाचून राहणार नाही.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बसून बुद्धघोषाने या विनयावर अट्ठकथा लिहिली. आंब्याचे पान कसे करावे हेही त्याने सांगितले आहे. कोवळ्या कैऱ्या फोडून पाण्यात घालाव्यात, उन्हाच्या तापावर शिजू द्याव्यात, गाळून घ्याव्यात आणि त्यात मध, साखर, कापूर वगैरे मिसळावे. वाचता वाचता मी थांबलो. हे तर पन्हे! चूल सोडून ऊन घेतले, एवढाच काय तो फरक. आणि कापूर!

पुढे सोळाव्या शतकातला भावप्रकाश हा वैद्यकग्रंथ पाहिला. भावमिश्राने कैरी पाण्यात शिजवून, हाताने कुस्करून, साखर, गार पाणी, कापूर आणि मिरी घालून करायचे पेय सांगितले आहे आणि वर म्हटले आहे की, हे भीमसेनाने निर्माण केले. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहिलेल्या भीमाच्या नावावर पाककलेतल्या पुष्कळ गोष्टी जमा आहेत, त्यातलीच ही एक. खाण्याच्या कापराला आपण 'भीमसेनी' म्हणतो. त्या नावाचा या पन्ह्याशी संबंध जोडण्याचा मोह मला फार झाला. पण स्मरणिकेतल्या लेखाची आठवण होती, म्हणून आवरला.

आता पाहा. बुद्धघोषाच्या आंब्याच्या पानात कापूर, भावमिश्राच्या पन्ह्यात कापूर आणि मिरी, आणि आमच्या सरांच्या घरच्या पानकात कापूर आणि मिरी. माझ्या घरच्या पन्ह्यात दोन्ही नाहीत. वेलदोडा आहे, हौशी घरी केशर आहे. म्हणजे ज्या घराला मी अनुकरण करणारे ठरवले होते, त्या घराने जुन्या मसाल्याची आठवण जपली होती आणि माझ्या घरात ती कधीच पुसली गेली होती. कैरी आम्ही राखली, कापूर त्यांनी. आणि शब्द? आपले पन्हे, हिंदी मुलखातला पना आणि कन्नड पानक ही 'पानक' या एकाच घरची नातवंडे. कन्नडने तो शब्द जसाच्या तसा ठेवला, आपण वापरून वापरून गुळगुळीत केला.

सर्वांत मोठी फजिती मात्र घराजवळच व्हायची होती. आमच्या गावाहून बसने दीड-दोन तासांवर बसवकल्याण आहे. उत्तर चालुक्यांची राजधानी ती हीच. तिथल्या राजा तिसऱ्या सोमेश्वराने शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या, सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो एका ओळीपुरता ठाऊक असतो : महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे त्यात म्हटले आहे. मीही वर्गात ते वर्षानुवर्षे शिकवले. ओवी सापडली, आपले काम झाले, ग्रंथ मिटला! शंभर अध्यायांच्या त्या ग्रंथात राजाच्या उपभोगांची वीस प्रकरणे आहेत, आणि त्यांत अन्नाच्या शेजारी पाण्याचेही वेगळे प्रकरण आहे, हे मला वडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेत १९२५, १९३९ आणि १९६१ साली निघालेले खंड हाताळेपर्यंत माहीत नव्हते. कोणत्या ऋतूत कोणते पाणी प्यावे, ते निवळावे कसे, आणि पाटलेसारख्या फुलांनी त्याला सुवास कसा आणावा, याचा विचार त्या राजाने केला आहे.

फुलांनी पाण्याला सुवास! ग्रंथालयात बसल्या जागी मला आजीचा माठ दिसला.

इथे इतिहासाच्या मास्तरला जपून पाऊल टाकावे लागते. सोमेश्वराच्या सुगंधी पाण्यापासून आजीच्या मोगऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढायला किती गोड वाटेल! कल्याणचा दरबार, तिथून सरदारांचे वाडे, वाड्यांतून पाटला-कुलकर्ण्यांची घरे आणि शेवटी आमची चूल. पण मधल्या आठशे वर्षांच्या एकाही दुव्याचा कागद माझ्याजवळ नाही. जिथे उन्हाळा कडक आहे, मातीचा माठ आहे आणि दारात मोगरा आहे, तिथे कोणत्याही शहाण्या बाईला ही युक्ती स्वतःहून सुचू शकते. राजाने ती लिहून ठेवली, आजीने नाही; तिला लिहिता येत नव्हते. कोणाकडून कोणी घेतले हे ठरवणार कसे? तो राजा तरी कोणाचा म्हणावा? दरबाराची भाषा कन्नड, ग्रंथ संस्कृत, ओवीची साक्ष मराठीची. एकदा ही नोंद मनावर घेतल्यावर माझ्या १९९८ च्या लेखाकडे पाहवेना.

वडिलांच्या शरबताचाही न्याय करायला हवा. अरबीत 'शरिबा' म्हणजे पिणे. त्यापासून शरबत झाले आणि शराबही त्याच धातूची. एकाच आईची ही दोन लेकरे, एक सोवळे आणि एक ओवळे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी अहमदशहाने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. इराणातून माणसे येत राहिली. गीलानहून आलेल्या महमूद गावानने १४७२ मध्ये बांधलेला मदरसा आजही अर्धा उभा आहे. ज्या वाटेने फारसी आली त्याच वाटेने आमच्याकडे शरबत हा शब्द आला, गुलाबपाणी आले. माळव्यात मांडूच्या खलजी सुलतानांसाठी १५०० च्या आसपास तयार झालेल्या 'निमतनामा' या चित्रमय फारसी ग्रंथात तर खाद्यपदार्थांच्या बरोबरीने शरबते आणि सुगंधी द्रव्ये नांदतात. पुढे १९०७ साली दिल्लीच्या एका युनानी हकिमांनी फळे, फुले आणि वनस्पती एकत्र करून रूहअफजा बाटलीत भरले; फाळणीनंतर ते तिकडेही होऊ लागले. आपण लिंबाचे सरबत म्हणतो तेव्हा अरबी शब्द उच्चारतो, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. गंमत अशी की, हैदराबादेत वडील आवडीने पीत ते फालशाचे शरबत. फालसा म्हणजे संस्कृत परूषक. सुश्रुताने सांगितलेल्या पानकांत तो आहे, महावग्गाच्या आठांत आहे. नवे नाव घेऊन जुनेच फळ गाडीवर उभे होते.

असो. नुसते ग्रंथ वाचून पेय जमत नाही. आजी १९८९ मध्ये गेली. मागे प्रमाण ठेवले नाही. विचारले तर "हाताला कळतं" एवढेच सांगायची. माझ्या हाताला काही कळत नव्हते. गावठी गुलाबाचे सरबत करायला गेलो आणि पाकळ्या धडाधडा उकळल्या. पाणी तपकिरी, चव काढ्याची. दुसऱ्या वेळी रंग साधला. पण साखर महाग पडते म्हणून पाक पातळ ठेवला आणि बाटली कपाटात ठेवून दिली. मे महिना. चौथ्या रात्री बूच उडाले, आणि सकाळी कपाटाला जो वास येत होता तो बुद्धाने अनुज्ञा दिलेल्या वर्गातला खास नव्हता. पत्नी म्हणाली, "हेडमास्तरांच्या घरात हे काय चालू केलंत?"

आता जमते. गुलाबाच्या पाकळ्या औषध न मारलेल्या झाडाच्याच घ्याव्यात, हारवाल्याकडच्या नकोत. पाकळीच्या बुडाशी पांढरी टोके असतात, कडूपणा तिथे असतो, ती खुडून टाकावीत. उकळी आलेले पाणी खाली उतरवून जरा निवू द्यावे आणि मग पाकळ्यांवर ओतून रात्रभर झाकावे. सकाळी ते पाणी फिकट, मळकट दिसते. निराश होऊ नये. गाळून त्यात लिंबू पिळले की डोळ्यांदेखत ते गुलाबी होते, कारण पाकळीतले रंगद्रव्य आंबटात उजळते. नववीच्या मुलांना मी हे वर्गात करून दाखवतो. इतिहासाच्या तासाला रसायन शिकवल्याबद्दल विज्ञानाचे सर रागावत नाहीत. अर्धा लिटर पाण्याला किलोभर साखर हवी. एवढी दाट साखर असली की किण्वाला जगता येत नाही, ही गोष्ट मी बूच उडाल्यावर शिकलो. हा पाक फार कढवू मात्र नये, नाहीतर गुलाब उडून जातो आणि साखर उरते.

पन्ह्यासाठी कैरी भाजायला चूल नाही, गॅसवर जाळी ठेवून भाजतो. धूर तसा येत नाही, पण काही तरी येते. गर एक वाटी असेल तर गूळ दोन वाट्या, कैरी फार आंबट असल्यास थोडा अधिक. चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड. हे मिश्रण फ्रिजमध्ये ठेवावे आणि लागेल तेव्हा एका वाटीला चार वाट्या मोगऱ्याचे पाणी घालावे. आणि गेली कित्येक वर्षे मी त्यात पच्चकर्पूर घालतो. गव्हाच्या दाण्याचाही चौथा हिस्सा, साखरेबरोबर खलून. पूजेचा कापूर चालत नाही, तो विषारी असतो. खाण्याचाच पाहून, खात्रीच्या दुकानातून घ्यावा. पहिल्या वर्षी आईने तोंड वाकडे केले. म्हणाली, देवघर प्यायल्यासारखे वाटते. दुसऱ्या वर्षी काही बोलली नाही. तिसऱ्या वर्षी मी विसरलो, तर तिनेच विचारले.

आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेला संपते. त्याच तिथीला बसवजयंती असते, आणि बीदर जिल्ह्यात तो दिवस केवढा मोठा हे सांगायला नको. सकाळपासून मिरवणुका निघतात, उन्हात चालणाऱ्यांना कोपऱ्याकोपऱ्यावर पानक आणि शरबत वाटतात, आणि त्याच गल्लीत बायका शेवटचे पन्हे आणि डाळ घेऊन एकमेकींकडे जात असतात. माझ्या सगळ्या आयुष्यात ही दोन्ही पेये त्या दिवशी समोरासमोर उभी होती. तीस वर्षांचा होईपर्यंत मला ती दिसली नाहीत.

स्मरणिकेतल्या लेखाची दुरुस्ती मात्र कुठे छापता आली नाही. पुढची स्मरणिका निघालीच नाही. सर सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि साखरेचा विकार आहे. गेल्या अक्षय्य तृतीयेला मी लहान फिरकीचा तांब्या घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी अर्धा पेला घेतला, एक घोट तोंडात घोळवला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. वहिनी बाहेर आल्या, त्यांनीही चव घेतली.

"कापूर थोडा जास्त झाला," त्या म्हणाल्या. "पण मोगरा कसा आणलात, ते सांगा."